सिंधूच्या रक्ताचे दोन आकडे

मी तेहतीस वर्षं लोकांचे काटे तपासले. लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी वजनमापे खात्यात चिकटलो. तेव्हा आमच्या ऑफिसात प्रमाणित वजनांची पेटी होती, पण ती ठेवायला टेबल नव्हतं. दाळमिलचे काटे, आडतीवरचे काटे, पेट्रोल पंप, रॉकेलवाल्यांची बूड आत ठोकलेली मापं, सगळं हाताखालून गेलं. एवढ्या वर्षांत एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. माणूस फार गोड बोलायला लागला, की त्याच्या काट्याच्या पारड्याखाली हात घालून बघावं. सिंधू, म्हणजे माझी बायको, सगळ्यांना सांगते की भाजीवालीनं वरून दोन मिरच्या जास्त टाकल्या तरी ह्यांना झोप लागत नाही.

खोटं नाही ते. पण माझा संशय मी कधी फुकट वाया घालवला नाही, असं मला दोन हजार सोळा सालापर्यंत वाटत होतं.

त्या वर्षी लातुरात पाण्याची काय दशा होती ते सगळ्या देशाला माहीत आहे. मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं. आमच्या गल्लीत आठ-दहा दिवसांनी टँकर, आणि घरटी दोनशे लिटर. घरात माणसं किती याचा हिशेब नाही. आम्ही दोघं, तरी दोनशे. भिंतीपलीकडे नागुबाईच्या घरात सात जण, त्यात सून बाळंत झालेली, तरी दोनशेच. आमच्या अंगणात जमिनीतला हौद आहे. एका रविवारी मला तो चार बोटं खाली गेलेला दिसला. मी नागुबाईला गल्लीत सगळ्यांसमोर विचारलं की रात्री आमच्या हौदात कुणाची बादली उतरली. ती काही बोलली नाही, पदर तोंडाला लावून आत गेली. न बोलणारा माणूस म्हणजे काट्यात फरक असणारा माणूस, असा माझा अनुभव.

दुसऱ्या दिवशी मी हौदाच्या झाकणाला तार ओवली आणि शिशाचं सील दाबलं. पेट्रोल पंपाला जसं करायचो तसंच. खात्याचं सगळं सामान मी निवृत्तीच्या दिवशी जमा केलं होतं, सील दाबायची पक्कड मात्र माझी स्वतःची. रोज सकाळी सील तोडायचं, दिवसाचं पाणी मापानं काढायचं, पुन्हा तार, पुन्हा सील. गल्लीतली पोरं बघून हसायची. हसू देत.

सिंधूचं दुखणं त्याच्या आधीपासूनचं. गच्चीच्या बारा पायऱ्यांपैकी चौथ्या पायरीवर ती थांबायची, छातीवर हात ठेवायची आणि मी बघतोय असं दिसलं की पदर सारखा केल्याचं दाखवायची. गोळ्या चालू होत्या, तरी चौथ्या पायरीची तिसरी पायरी झाली. मार्चअखेर लातूरच्या डॉ. मन्मथ स्वामींनी तिच्या हृदयाच्या नसांचा फोटो काढला. उजवी नस शंभर टक्के बंद निघाली, तीही आजची नाही, वर्षभरापूर्वीची असावी म्हणाले.

मी विचारलं, शंभर टक्के बंद असेल तर ही चालते-बोलते कशी. इथेच मला पहिला संशय आला होता. त्यांनी कागदावर काढून दाखवलं. डाव्या नसेतून केसासारख्या बारीक वाटा फुटून त्या बंद नसेच्या मागच्या भागाला रक्त पोचवत होत्या. तेवढ्यावर हृदयाचा तो भाग जिवंत राहिला होता, पण पायऱ्या चढायला ते रक्त पुरत नव्हतं. नस उघडली तर दम लागणं, छाती भरून येणं कमी होईल. आयुष्य वाढेल अशी हमी देत नाही, हेही त्यांनी न विचारता सांगितलं. न विचारता खरं सांगणारा दुकानदार मी पाहिलेला नव्हता, म्हणून ते मला आणखीच खटकलं.

फोटोत नस दिसावी म्हणून जे औषध सोडतात, त्याला ते डाय म्हणतात. त्याचा ताण किडनीवर पडतो. तेव्हा रोज तीन लिटर पाणी प्यायचं, हृदयाची ताकद चांगली आहे, पाण्याची भीती नाही, आणि पंधरा दिवसांनी रक्त तपासून मग ठरवू, असं त्यांनी सांगितलं.

तीन लिटर. त्या एप्रिलात लातुरात रोज तीन लिटर नुसतं प्यायला. पण मी त्यात कसूर केली नाही. सकाळी सील तोडलं की पहिलं माप सिंधूचं. शंकूच्या आकाराच्या पितळी मापानं बरोबर तीन लिटर मोजून तिच्या स्टीलच्या कळशीत ओतायचो. संध्याकाळी कळशी उलटी करून बघायचो. थेंब नसायचा. मला फार बरं वाटायचं. माझ्या वाट्यातलं कमी झालं तरी चालेल, हिची कळशी भरली पाहिजे, असं मी स्वतःशी म्हणायचो आणि स्वतःवर खूशही व्हायचो.

पंधरा दिवसांनी रक्त तपासलं तर क्रिएटिनिन एक पूर्णांक सात. हा किडनीचा आकडा, एकाच्या आसपास हवा. स्वामींनी कपाळाला आठी घातली. म्हणाले, करायचं तर पुढूनच करू. मनगटातून नळी घालायची, बंद तोंडापाशी तार न्यायची, आधी मऊ टोकाची, मग कडक टोकाची, आणि अर्ध्या-पाऊण तासात पलीकडे गेली तर फुगा फुगवून स्टेंट बसवायचा. नाही गेली तर थांबायचं. दुसऱ्याही पद्धती आहेत, पण त्यांना डाय जास्त लागतो आणि ही किडनी तो सोसणार नाही. पुढून यश येण्याची शक्यता त्यांनी निम्म्याहून थोडी जास्त सांगितली.

बाहेर आल्यावर मी सिंधूला म्हणालो की हा माणूस काम सुरू करायच्या आधीच सोडून द्यायची भाषा बोलतो. एकतर याला येत नाही, नाहीतर काम अर्धवट सोडून पुन्हा बोलवायचा बेत आहे. ती म्हणाली, डॉक्टर सरळ वाटतात. मी म्हणालो, सरळ काटाच आधी तपासावा.

तिचा भाऊ केरबा अर्धापूरला असतो. केळीची बाग आहे. त्याचा फोन आला की दाजी, आठ दिवस बहिणीला इकडं आणा, नांदेडला एक मॅडम आहेत, त्या असल्याच जुन्या बंद नसा उघडतात. आम्ही एसटीनं गेलो. केरबाच्या विहिरीलाही पाणी फार नव्हतं, बागेची एक बाजू त्यानं वाळू दिली होती, पण प्यायला कमी नव्हतं. सहा दिवस राहून नांदेडला गेलो. डॉ. इंगोले मॅडम वयानं माझ्या मुलीसारख्या. त्यांनी लातूरच्या फोटोची सीडी तीनदा मागेपुढे करून बघितली आणि रक्त घेतलं. क्रिएटिनिन एक.

मॅडम म्हणाल्या, मी मागून जाईन. कारण पुढचं तोंड बोथट आणि चुन्यासारखं कडक झालंय, तार कुठं टेकवायची तेच कळत नाही. बंद भागही लांब आहे. उलट मागच्या बाजूचं तोंड मऊ असतं. मांडीतून दुसरी नळी डाव्या नसेत न्यायची, तिथून त्या केसासारख्या वाटेनं तार फिरवून बंद नसेच्या मागून यायचं. वेळ दोन-तीन तास, डाय जास्त, आणि बारीक वाट फाटली तर हृदयाभोवती रक्त साचण्याची भीती असते, तीही त्यांनी सांगितली. तिसरी एक पद्धत आहे. तार नसेच्या भिंतीच्या पदरांमधून पुढं सरकवायची आणि अडथळा ओलांडला की पुन्हा आत घ्यायची. पण इथं बारीक वाटा चांगल्या आहेत, तिची गरज पडू नये. किडनी ठणठणीत आहे, मग मागूनच बरं.

आता बघा. एक डॉक्टर म्हणतो पुढून, दुसरी म्हणते मागून. ते चालेल, दोन आडत्यांचं कधी एक असतं? पण एकाच बाईच्या रक्ताचे दोन आकडे? एक पूर्णांक सात आणि एक? पोत्यात इतका फरक निघाला असता तर मी दोन्ही दुकानांना टाळं लावलं असतं.

केरबा म्हणाला, दाजी, नांदेडचा आकडा चांगला हाय, करून टाकू. मला तो घाईतला वाटला. मी सिंधूला घेऊन लातूरला परत आलो. दहा दिवस गेले. नेहमीप्रमाणे सील, माप, तीन लिटर, रिकामी कळशी. याच काळात नागुबाईचं वागणं मला विचित्र वाटायला लागलं. आधी माझ्या वाटेत न येणारी बाई आता दिसली की डोक्यावर पदर घेऊन हात जोडायची. एकदा नातवाच्या बारशाचे पेढे तिनं आमच्या कट्ट्यावर ठेवले. मी झाकणाचं सील भिंगाखाली तपासलं. शाबूत होतं. पण पेढे मी खाल्ले नाहीत.

मग मी खात्यातली पद्धत वापरली. एकाच सकाळी सिंधूचं रक्त लातूरच्या दोन वेगळ्या लॅबमध्ये दिलं. दोघांचा आकडा एक पूर्णांक आठ. म्हणजे लातूरचे काटे एकमेकांशी जुळले. खोटा काटा नांदेडचा. मॅडमला मागच्या वाटेचं मोठं काम करायचंय, आणि आकडा आड येतोय, म्हणून आकडाच खाली आणला. हिची किडनी गेली तर गेली. मला इतका राग आला की मी दुसऱ्याच दिवशी दोन्ही कागद पिशवीत घातले, सिंधूला घेतलं आणि सकाळच्या नांदेड गाडीत बसलो. अहमदपूरपर्यंत मी दोन्ही कागद पुन्हा पुन्हा ताडून बघत होतो. सिंधू खिडकीतून उन्हात पडलेली रानं बघत होती. तिचे ओठ फुटले होते. मी म्हणालो, पाणी पी. तिनं बाटली तोंडाला लावली आणि जवळजवळ सगळी एका दमात संपवली. तेव्हाही माझ्या लक्षात आलं नाही.

मॅडमच्या टेबलावर मी त्यांचा आधीचा धरून तिन्ही कागद एका ओळीत मांडले. जे बोलायचं ते बोललो. आवाज चढला असणार, कारण दारातली नर्स आत डोकावली. मॅडम चिडल्या नाहीत. त्यांनी कागद वाचले, लॅबची नावं बघितली.

“काका, तुम्ही वजनमापे खात्यात होता ना?” त्यांनी विचारलं. “समजा, तिन्ही काटे बरोबर आहेत. मग?”

“मग माल बदलला,” मी म्हणालो. सवयीनं तोंडातून गेलं.

त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे न बघता सिंधूला विचारलं की लातूरला असताना लघवी दिवसातून किती वेळा होते.  सिंधू अगदी हळू म्हणाली, दोनदा. कधी एकदा. आणि अर्धापूरला? तिथं सात-आठ वेळा.

मी म्हणालो, असं कसं होईल, मी स्वतः रोज तीन लिटर मोजून देतो, कळशी संध्याकाळी रिकामी असते.

“कळशी रिकामी असती,” सिंधू म्हणाली. “पर मी पीत न्हाई ते. मागच्या भिंतीवरून नागुबाईला देते. तिच्या सुनेला दूध उतरत न्हवतं हो. मला दोन पेले पुरत्यात.”

 तेहतीस वर्षं मी माप तपासलं होतं. पिणाऱ्या तोंडाकडे कधी बघितलंच नव्हतं.

मॅडमनी तिथूनच स्वामींना फोन लावला. माझ्यासमोरच बोलल्या. दोघांचं बोलणं पाच मिनिटांत संपलं, कारण भांडण नव्हतंच. स्वामींनी एक पूर्णांक सात बघून कमी डायची पुढची वाट सांगितली होती. मॅडमनी एक बघून मागची. एकमेकांच्या जागी असते तर दोघांनी उलट सांगितलं असतं. स्वामी फोनवर एवढंच म्हणाले की बाईंना आधी पाणी पाजा, आकडा खाली आला की मागूनच करा, मी येतो मदतीला. मला त्यांच्यावर घेतलेला एकेक संशय आठवला आणि मान वर करवेना.

सिंधूला केरबाकडे ठेवलं. दहा दिवस पाणी, मग पुन्हा रक्त, मग काम. मी तिचे कपडे आणायला लातूरला निघालो. खरं सांगतो, गाडीत बसल्यावर लाज ओसरली आणि राग परत आला. सिंधूवर नाही, नागुबाईवर. आजारी बाईच्या तोंडचं पाणी घेते? तिची छाती दुखते हे गल्लीला माहीत आहे. आज सोडत नाही.

घरी जाऊन पिशवी टाकली आणि सरळ तिच्या दारात उभा राहिलो. ती बाहेर आली, पदर घेतला, हात जोडले. मी तोंड उघडायच्या आत तिनंच विचारलं, “ताईंचं कसं हाय साहेब?” आणि माझ्यासाठी आतून खुर्ची आणायला सुनेला सांगितलं. सुनेच्या खांद्यावर पोर झोपलं होतं. चांगलं गुबगुबीत.

मी म्हणालो, तू रोज सिंधूचं पाणी घेत होतीस.

“घेत होते की,” ती म्हणाली. “पर पयल्या दिवशी घेतलं न्हाई. मी म्हणले, साहेबांनी गल्लीत मला चोर केलं, त्या घरचं पाणी नको. मंग ताई म्हणल्या, पाणी साहेबांनीच धाडलंय. चुकलं म्हणून तोंडानं सांगता येत न्हाई त्यांना, स्वभाव तसा हाय, म्हणून रोज माप काढून देतात. कुणाला बोलू नको, त्यांना लाज वाटंल.” तिनं सुनेच्या खांद्यावरच्या पोराकडे बोट केलं. “तुमच्या पाण्यावर उभं राहिलं ते. तुम्ही आता ताईंचं पाणी म्हणलात, म्हंजी ते त्यांच्या औषदाचं व्हतं व्हय?”

तिच्या चेहऱ्यावरून मला कळलं की तिला खरंच ठाऊक नव्हतं. आणि हेही कळलं की इतके दिवस ती मला हात जोडत होती ते का. मी म्हणालो, नाही, औषधाचं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मी जाणूनबुजून चुकीचं माप सांगितलं.  सिंधूनं माझ्या नावावर जी माफी मागून ठेवली होती, ती मला स्वतःच्या तोंडानं मागायची होती. मी नुसतंच म्हणालो, “त्या रविवारचं... हौदाला तळाशी चीर असंल. तू न्हाईस.” ती म्हणाली, जाऊ द्या साहेब. पण मी रडलो. तिच्या सुनेनं आणलेल्या खुर्चीवर बसून रडलो.

घरी येऊन पक्कड घेतली, सील तोडलं आणि तार काढून पत्र्यावर फेकली. नागुबाईच्या दोन घागरी भरल्या. मापानं नाही, बादलीनं. हौदात वाकून बघितलं तेव्हा तळाच्या कोपऱ्यात खरोखरच बोटभर लांब, बारीक चीर दिसली.

दहा दिवसांनी आकडा शून्य पूर्णांक नऊ आला. काम नांदेडला झालं. स्वामी सांगितल्याप्रमाणे आले. बाहेर बाकावर मी आणि केरबा तीन तास बसलो. केरबा अधूनमधून केळं सोलून पुढं करायचा, मी नको म्हणायचो. मॅडमनी आधी पुढून थोडा वेळ प्रयत्न केला, तार बोथट तोंडावरून घसरत राहिली. मग त्या मागून गेल्या. बारीक वाटेतून तार मागच्या तोंडाशी आली आणि तिथं ते तोंड मऊच निघालं. दोन स्टेंट बसले. कुठं फाटलं नाही. हे मला स्वामींनी येऊन सांगितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात मी तसाच राहू दिला.

संध्याकाळी तिला वॉर्डात आणलं. मांडीला पट्टी होती, सरळ पडून राहायचं होतं. नर्स म्हणाली, डाय बराच गेलाय, आजींना भरपूर पाणी द्या. मी पेला भरला, तिच्या मानेखाली हात घातला. ती प्यायला लागली. पेला रिकामा होत होता, पण मी पेल्याकडे बघत नव्हतो. तिच्या गळ्याकडे बघत होतो. एक घोट, दुसरा, तिसरा.

“काय बघून राहिले?” तिनं विचारलं.

“पितीस का ते.”

“अजून संशय?”

“हाव,” मी म्हणालो, आणि दुसरा पेला भरला.